शॉट पाहायचा कुणी?

१८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कुस्ती चित्रित केली. कॅमेरा त्यांचा, डोळा त्यांचा आणि मर्जीही त्यांचीच. कामाची वाटणी दिसते ती १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त. फाळक्यांनी लंडनहून आणलेल्या विल्यम्सन कॅमेऱ्याच्या हँडलवर त्र्यंबक तेलंगांचा हात होता. सेकंदाला साधारण दोन फेरे, फेऱ्याला आठ फ्रेम. हात मंदावला की पडद्यावर माणसं पळत सुटायची, जोरात फिरला की रेंगाळायची. १९३१ मध्ये बोलपट आले, फ्रेम चोवीस झाल्या आणि हँडल मोटरीकडे गेलं.

डोळ्याची अडचण मात्र तशीच होती. बाजूला बसवलेल्या व्ह्यूफाइंडरमधून पाहायचं, म्हणजे भिंगाला दिसतंय एक आणि माणसाला त्याच्या शेजारचं. क्लोजअपमध्ये तर नटाचं कपाळ फ्रेममध्ये राहील की कापलं जाईल, याचा निव्वळ अंदाज. १९३७ मध्ये जर्मनीत आरीफ्लेक्स आला. त्याच्या शटरवरच आरसा होता, त्यामुळे थेट भिंगातून पाहता येऊ लागलं. पण त्यातही एक गंमत आहे. शटर उघडलं की प्रकाश फिल्मवर पडतो, मिटलं की आरशावरून डोळ्यात येतो. म्हणजे फिल्मवर जे उमटतं, नेमकं तेवढंच ऑपरेटरला दिसत नाही! शिवाय शॉट चालू असताना डोळा हटवायची सोय नाही. आयपीसमधून उजेड शिरला तर फिल्म खराब. म्हणून 'कट' झाल्यावर अख्खं युनिट त्याच्याच तोंडाकडे बघायचं. दिग्दर्शक कितीही मोठा असो, फोकस गेला की नाही हे त्यालाच विचारावं लागे.

या मक्तेदारीला पहिला धक्का दिला टीव्हीने. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. स्टुडिओत कॅमेरे अनेक, पण त्यांची चित्रं एकत्र दिसणार कंट्रोल रूममध्ये. कॅमेरामनच्या कानाला हेडफोन. तिथून सूचना येणार, याने फ्रेम धरायची. पुढे सिनेमाच्या सेटवरही मॉनिटर आला. आता मेकअपदादाही शॉट बघतो आणि मतही देतो. माझ्या मते हे बरंच झालं; चूक रशेस धुऊन येईपर्यंत लपून राहत नाही. ऑपरेटरचा दरारा मात्र गेला.

कॅमेऱ्यामागच्या माणसाला मानही उशिराच मिळाला. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. छायालेखक म्हणून तो पहिल्यांदा मिळाला व्ही. के. मूर्तींना, २००८ सालचा.