तेलशीतक थर्मोस्टॅट (जुन्या स्पोर्ट्स कार)

तेलशीतक थर्मोस्टॅट ही इंजिनाचे तेल शीतकाकडे केव्हा पाठवायचे, हे तापमानानुसार ठरवणारी झडप होय. पोर्शे ९११ च्या १९९८ पर्यंतच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत तेल वंगणाबरोबरच उष्णता वाहून नेण्याचेही काम करते. म्हणून तेथे तिला विशेष महत्त्व आहे.

कार्य
तेल थंड असताना ते शीतकाला वळसा घालून टाकीत परतते. सुमारे ८३° से. तापमानाला झडपेतील मेण वितळून प्रसरण पावते व शीतकाचा मार्ग उघडतो.

बिघाड
झडप बंद स्थितीत अडकल्यास तेल तापून पातळ होते, दाब घटतो व बेअरिंग झिजतात. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर हा दोष लपून राहू शकतो. सातारा जिल्ह्यातील पसरणी घाटात, वाईहून पाचगणीपर्यंत सुमारे ६०० मीटर चढताना, तो उघड होण्याची शक्यता अधिक असते. झडप उघडी अडकल्यास तेल पुरेसे तापत नाही व त्यातील ओलावा निघून जात नाही.

देखभाल
तेल तापूनही शीतकाच्या नळ्या थंड राहिल्यास झडप अडकल्याचा संशय घेतला जातो. झडपेच्या ॲल्युमिनियम कवचावर नळ्यांचे नट गंजून घट्ट बसतात. जोर लावल्यास आटे तुटतात, म्हणून ते आधी गंज सोडवणाऱ्या तेलाने मोकळे करतात.