‘ख’ या अक्षराचा संसार

संस्कृतात ‘ख’ हे अक्षर स्वतःच एक शब्द असून छिद्र, पोकळी, इंद्रिय आणि आकाश असा त्याचा अर्थविस्तार झाला. आकाशाच्या त्या रिक्ततेवरूनच ज्योतिर्विदांनी ते शून्याचे वाचक ठरविले, आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीस ‘खहर’ म्हणून तिच्या अविकारी अनंतत्वाला प्रलयकाळच्या अच्युताची उपमा दिली. गणिताने तत्त्वज्ञानाला इतक्या सहजतेने स्पर्श केल्याचे उदाहरण विरळाच. त्यापूर्वी, इ. स. ४९९ च्या सुमारास, आर्यभटाने मात्र हेच अक्षर दोन या अंकासाठी योजिले होते: ‘ख्युघृ’ या चिमुकल्या संज्ञेत उकारयुक्त ‘ख’चे वीस हजार, ‘य’चे तीन लक्ष आणि ‘घृ’चे चाळीस लक्ष मिळून युगातील सूर्याची ४३,२०,००० भगणे सामावतात. पुढे मोडी दफ्तरांत खजिना, खर्च, खलिता, खानेसुमारी अशा शब्दांतील फारसीचा खरखरीत उच्चारही याच अक्षराने निमूटपणे पत्करला. देवनागरीत त्याचे जुने वळण ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखे असल्याने ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांची गफलत होई. म्हणून लिपिसुधारकांनी ‘र’चा पाय ‘व’ला जोडला, तो योग्यच.