शोउबा
स्पेनच्या वायव्येकडील गॅलिशियाच्या किनाऱ्यावर लहान सार्डिन माशाला असलेले नाव. आ कोरुन्या परिसरात त्यालाच पारोचा म्हणतात. कोकणातल्या तारलीच्या नात्यातला हा मासा, पण प्रजाती वेगळी : सार्डिना पिल्चार्डस. प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या ‘शेइतो’ जाळ्यात तो कल्ल्यांपाशी अडकतो. अठराव्या शतकात कॅटलोनियातून मासे खारवणारे व्यापारी आले. त्यांनी मोठी ओढजाळी आणली आणि शेइतोवाल्या कोळ्यांशी त्यांचे तंटे दीर्घकाळ चालले. शोउबा पिठात घोळवून तळतात. खरी मजा मात्र एम्पानादाची : मक्याच्या पिठाच्या दोन थरांत भरपूर कांदा, ढोबळी मिरची व मासे भरून ती भट्टीत भाजतात. मासे कोवळे असल्याने काटेही फारसे जाणवत नाहीत. डबाबंद छोट्या सार्डिनांना स्पॅनिशमध्ये सार्दिनियास म्हणतात.