गुडघ्याच्या किमतीमागचं गाव

सर्जनला इम्प्लांट कंपनीकडून वर्षभरात किती पैसे मिळाले, हे अमेरिकेतल्या कोणत्याही रुग्णाला आज सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. या उघड हिशेबाची कुळकथा इंडियाना राज्यातल्या वॉर्सॉ गावातून जाते.

मोडलेल्या हाडाला पिंपाच्या फळ्या तासून बांधायच्या, अशा काळात, 1895 साली, रेव्रा डेप्यू यांनी तिथे तयार आधारपट्ट्यांचा कारखाना काढला. त्यांचा विक्रेता जस्टिन झिमर 1927 मध्ये वेगळा झाला आणि त्याने स्वतःची झिमर कंपनी काढली. 1977 मध्ये डेन मिलर आणि सहकाऱ्यांनी बायोमेट उभी केली. मिलर आधी झिमरमध्येच होते. लहानशा गावात तीन बलाढ्य कंपन्या उभ्या राहिल्या, आणि तिन्ही एकाच मुळाच्या.

या तिघी, स्ट्रायकर आणि स्मिथ अँड नेफ्यू मिळून अमेरिकेतल्या कृत्रिम खुबा-गुडघ्यांचा सुमारे 95 टक्के बाजार सांभाळत. त्यांनी संगनमताने भाव ठरवले का, हे तपासायला जून 2006 मध्ये न्याय खात्याच्या स्पर्धा विभागाने कागदपत्रं मागवली. संशय रास्तच होता. पण त्यातून खटला उभा राहिला नाही.

पैशाची वाट दुसऱ्या तपासात सापडली. न्यू जर्सीच्या सरकारी वकिलांनी 2005 पासूनच सर्जनांशी झालेले सल्लागारीचे करार खणायला घेतले होते. मला हे मर्माचं वाटतं. गुडघा निवडतो सर्जन, बिल भरतं रुग्णालय किंवा मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा. प्रत्येक कंपनीच्या गुडघ्यासोबत हाड कापण्याचे तिचेच साचे आणि तिच्याच अवजारांचे ट्रे येतात. कंपनीचा माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये हजर असतो. त्या अवजारांवर हात बसलेला सर्जन सहसा कंपनी बदलत नाही. त्यालाच मानधन दिलं, तर प्रतिस्पर्ध्याशी भावाची बोलणी करायची गरजच काय?

हे प्रकरण मिटवायला सप्टेंबर 2007 मध्ये चार कंपन्यांनी मिळून सुमारे 31 कोटी डॉलर भरले. तपासाला आधी सहकार्य करणाऱ्या स्ट्रायकरला दंड झाला नाही. सल्लागार डॉक्टरांची नावं आणि रकमा जाहीर करणं मात्र बंधनकारक झालं. 2010 च्या कायद्याने ही अट देशभर लागू झाली.

आपल्याकडे सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली आणि हजारो कुटुंबांचा भार हलका झाला. कोणत्या डॉक्टरला कोणत्या कंपनीने किती दिलं, हे रुग्णाला वाचता येईल अशी सार्वजनिक नोंद मात्र आपल्याकडे अजून नाही. ती मागायला हवी.