गीहोनचा झरा आणि फुटकी टाकी : यरुशलेमच्या दोन संदेष्ट्यांची कथा

१/ प्राचीन यरुशलेम हे डोंगरावरचे नगर. जवळपास एकही मोठी नदी नाही. पूर्वेच्या उतारावर, किद्रोनच्या खोऱ्यालगत गीहोन नावाचा एक जिवंत झरा होता. त्याखेरीज सारी भिस्त खडकात कोरलेल्या, पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्यांवर. यशया आणि यिर्मया या दोन संदेष्ट्यांनी खरा आधार कोणता आणि खोटा कोणता, हा प्रश्न या पाण्याच्याच भाषेत मांडला.

२/ संदेष्टा म्हणजे केवळ भविष्य सांगणारा नव्हे. चालू राजकारणाकडे पाहून देवाच्या वतीने राजाला आणि प्रजेला जाब विचारणे, हे इब्री परंपरेतील त्याचे मुख्य काम होते. म्हणूनच त्यांची वचने समजून घेण्यासाठी त्या काळचे राजकारण समजून घ्यावे लागते.

३/ इ.स.पू. ७३५ च्या सुमारास दमास्कस आणि उत्तरेकडील इस्राएल ही दोन राज्ये एकत्र येऊन यहूदावर चालून आली. यहूदाचा राजा आहाज भयभीत झाला. वरच्या तळ्याच्या पाटाजवळ यशयाने त्याला गाठले. धीर सोडू नकोस. हे दोन शत्रू म्हणजे विझत आलेली, नुसती धुमसणारी लाकडे आहेत, असे त्याने बजावले.

४/ आहाजने ऐकले नाही. मंदिरातील व राजवाड्यातील सोने-रुपे पाठवून त्याने अश्शूरचा, म्हणजेच असिरियाचा, सम्राट तिसरा तिग्लथ-पिलेसर याचे मांडलिकत्व पत्करले. तेव्हा यशयाने एक रूपक वापरले. संथ वाहणारे शिलोहाचे पाणी या लोकांना नकोसे झाले. आता फरात नदीचा महापूर येईल आणि यहूदाच्या गळ्यापर्यंत चढेल. शिलोहाचे पाणी म्हणजे गीहोनच्या झऱ्यातून निघालेला साधा पाट.

५/ इ.स.पू. ७३२ मध्ये दमास्कस पडले. ७२२ च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोनही पडली. दोन्ही शत्रू संपले. परंतु ज्याला रक्षक म्हणून बोलावले होते, तो अश्शूर आता यहूदाच्या सीमेवर येऊन उभा होता.

६/ आहाजचा पुत्र हिज्कीया याने अश्शूरविरुद्ध बंड केले आणि मिसरच्या घोड्यांकडे व रथांकडे आशेने पाहिले. उंट-गाढवांवर नजराणे लादून काफिले दक्षिणेच्या रखरखीत वाळवंटातून मिसरकडे निघाले. यशयाने बापाप्रमाणे मुलालाही फटकारले : मिसरी लोक माणसेच आहेत, देव नव्हेत, त्यांचे घोडेही हाडामांसाचेच आहेत.

७/ हिज्कीयाने वेढ्याची तयारी कसून केली. गीहोनचे पाणी तटाच्या आत वळवणारा सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा बहुतेक अभ्यासक त्याच्याच काळातला मानतात. दोन तुकड्यांनी दोन टोकांकडून खडक फोडला. थोडेच अंतर उरले असताना एकमेकांचे आवाज ऐकू आले, असे आतील शिलालेख सांगतो. इ.स. १८८० मध्ये सापडलेला हा लेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचे नावही नाही आणि देवाचेही नाही.

८/ तट भक्कम करण्यासाठी लोकांनी घरे पाडली, असे यशयाच्या ग्रंथात येते. १९७० च्या दशकातील उत्खननात जुन्या घरांवरून गेलेली, सुमारे ७ मीटर रुंदीची भिंत खरोखरच सापडली. यशयाचा आक्षेप भिंतीला किंवा तळ्याला नव्हता. तुम्ही पाण्याची सोय केलीत, पण ते पाणी ज्याने मुळात दिले त्याच्याकडे मात्र पाहिले नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे होते.

९/ इ.स.पू. ७०१. सम्राट सन्हेरीबने यहूदाची ४६ तटबंद नगरे जिंकल्याचे आपल्या लेखात नोंदवले. मदतीला आलेले मिसरी सैन्य हरले. हिज्कीयाने मंदिराच्या दारांचे सोने उतरवून खंडणी भरली. तरीही अश्शूरचा सरदार यरुशलेमपाशी येऊन उभा राहिला, तोही वरच्या तळ्याच्या त्याच पाटाजवळ, जिथे यशया आहाजला भेटला होता. मिसर म्हणजे टेकणाऱ्याच्याच हातात घुसणारा मोडका बोरू, हे आता शत्रूच ऐकवीत होता.

१०/ सगळे आधार सुटल्यावर हिज्कीया मंदिरात गेला आणि त्याने यशयाकडे माणसे धाडली. नगर पडणार नाही, असा निरोप आला. आणि ते पडले नाही. हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्यासारखे कोंडल्याची बढाई सन्हेरीब मारतो, पण यरुशलेम जिंकल्याचे कोठेही म्हणत नाही. बायबल या सुटकेचे श्रेय देवदूताला देते.

११/ खरी गुंतागुंत येथून पुढे सुरू होते. शंभर वर्षांत या सुटकेच्या आठवणीचाच खोटा दिलासा झाला. मंदिर येथे आहे, म्हणजे नगराला धक्का लागणारच नाही, अशी लोकांची समजूत झाली. इ.स.पू. ६०९ च्या सुमारास यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहिला आणि त्याने नेमक्या याच समजुतीवर घाव घातला. परके, अनाथ आणि विधवा यांना पिळायचे आणि मंदिराचे नाव जपत निर्धास्त राहायचे, हे चालणार नाही. या भाषणापायी त्याचा जीव जाता जाता वाचला.

१२/ यिर्मयाचे रूपकही पाण्याचेच आहे. लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि स्वतःसाठी टाकी खोदली, तीही फुटकी. चुनखडीच्या खडकातील टाक्याचा गिलावा तडकला की पाणी झिरपून जाते आणि ऐन उन्हाळ्यात तळाशी चिखल उरतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव घरचाच होता.

१३/ इ.स.पू. ५८८ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला. संकटात लोकांनी आपल्या इब्री दासांना मुक्त केले. मिसरी फौज येते आहे असे कळताच बाबेलने वेढा तात्पुरता उठवला. लगेच त्याच दासांना पुन्हा जुंपण्यात आले. मिसरचा भरवसा पुन्हा फोल ठरला आणि वेढा परत पडला.

१४/ शरण जा, असे सांगणाऱ्या यिर्मयाला सरदारांनी टाक्यात सोडले. टाक्यात पाणी नव्हते, चिखल होता. एबद-मलेख नावाच्या कूशी दरबाऱ्याने जुन्या चिंध्या काखेत धरायला देऊन त्याला दोरांनी वर काढले. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास नगर आणि मंदिर जळाले.

१५/ एका संदेष्ट्याने सांगितले की नगर वाचेल, दुसऱ्याने सांगितले की ते पडेल. तरीही दोघांचा मुद्दा एकच होता : देवावरील विश्वास म्हणजे आपल्या भिंती टिकण्याची हमी नव्हे. वेढा चालू असताना, पहाऱ्यात असलेल्या यिर्मयाने अनाथोथ या आपल्या गावातील शेत १७ शेकेल रुपे मोजून विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात जपून ठेवायला सांगितले. या भूमीत पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा त्याचा भरवसा होता. शेत मात्र त्या दिवशी शत्रूच्या ताब्यातील मुलखात होते.