दिनविशेष, १३ नोव्हेंबर : गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म (१८५५)

पलूस तालुक्यातील भिलवडी आणि औदुंबरचे घाट ओलांडून सांगलीकडे वाहत जाणारी कृष्णा जेथे वारणेला मिळते, त्या हरिपूर गावी नट, नाट्यशिक्षक आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा १८५५ मध्ये या दिवशी जन्म झाला. बेळगावात शिकत असताना त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक म्हणून लाभले आणि पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत देवलांनी भूमिका तर केल्याच, शिवाय तालीममास्तर म्हणून, म्हणजे नटांकडून उच्चार, हावभाव व रंगमंचावरील हालचाली घोटून घेणारा शिक्षक म्हणून, कीर्ती मिळवली. त्यांच्या सात नाटकांपैकी सहा रूपांतरित आहेत. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाच्या संस्कृत नाटकावरून, तर ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून घेतले आहे.

एकमेव स्वतंत्र नाटक मात्र सर्वांत मोलाचे ठरले. १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत शारदा’त जरठ-कुमारी विवाहाची, म्हणजे पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देण्याच्या रूढीची, त्यांनी इतक्या घरगुती, सोप्या भाषेत आणि पदांत चिरफाड केली की, पौराणिक कथांत रमलेल्या संगीत नाटकाला तेथे समाजाचे भान आले. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक ‘सारडा कायद्या’चे नाव मात्र हरबिलास सारडा यांच्यावरून आले आहे, या नाटकावरून नव्हे.)

१४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले आणि ‘फाल्गुनराव’ या आपल्याच गद्य नाटकाला पदे घालून त्यांनी सिद्ध केलेले ‘संगीत संशयकल्लोळ’ त्यांच्या पश्चात त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले.