कोठीची खानावळ, इराण्याचा पौना आणि आपली मंडळी

हैदराबादेतल्या मराठी घरांत 'हॉटेलात खाणं' हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी शिवीसारखा यायचा. "हॉटेलात जायलास काय रे?" असं तिनं विचारलं की उत्तर 'नाही'च द्यायचं असतं, हे आम्हा सगळ्या भावंडांना ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर या शहरात मराठी माणूस बाहेरच जेवून मोठा झाला. घरी जेवणारे नंतर आले.

थोडं मागं जाऊ. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. शिकायचं तर उस्मानिया विद्यापीठ (१९१८), अपील करायचं तर हैदराबादचं हायकोर्ट, नोकरी हवी तर इथलीच कचेरी. मनमाडहून निघालेली मीटरगेजची गाडी औरंगाबाद, परभणी, नांदेड करत काचीगुड्याला यायची. ट्रंक, वळकटी आणि चिवड्याचा डबा घेऊन पोरं तिथं उतरायची. डबा संपला की पोटाचं काय, हा पहिला प्रश्न. त्याला उत्तर म्हणून काचीगुडा, गौळीगुडा, सुलतान बाजार, कोठी या पट्ट्यात मराठी खानावळी निघाल्या.

हा पट्टाच का, यालाही कारण आहे. सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. इंग्रज रेसिडेंटच्या कोठीभोवतीचा हा भाग १९३३ पर्यंत इंग्रजी अंमलाखाली होता, त्यामुळं सभा, वाचनालयं, व्याख्यानं यांना इथं जरा मोकळीक मिळायची. आर्य समाज इथं १८९२ सालीच आला. विवेकवर्धिनी शाळा १९०७ ची, तीही जवळच जांबागेत. मराठी ग्रंथसंग्रहालयही याच परिसरात. जिथं शाळा आणि वाचनालय, तिथं बिऱ्हाडं, आणि जिथं एकट्या पोरांची बिऱ्हाडं, तिथं खानावळ.

माझे आजोबा परभणीकडून आले ते असेच. त्यांच्या सांगण्यातली खानावळ म्हणजे एका विधवा बाईंच्या घराची पडवी. पाट, पत्रावळ, महिन्याचे पैसे आगाऊ. ज्वारीची भाकरी, वरण, एक भाजी, शनिवारी उपासाची भगर. चतकोर भाकरी वाढवून मागितली तर बाई आधी वहीकडं बघायच्या आणि मग वाढायच्या. पण परीक्षेच्या दिवसांत वही मिटलेली असायची, हेही आजोबाच सांगायचे. पंगतीला जात विचारली जायची, हे मात्र ते सांगायचे नाहीत. ते मला काकांकडून कळलं. ब्राह्मणाच्या खानावळीत सगळ्यांना पाट मिळत नव्हता. आपल्या जुन्या आठवणी लिहिताना हा भाग आपण गाळतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ज्यांना पाट मिळत नव्हता त्यांना इराण्यानं खुर्ची दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इराणातून, मुख्यतः यझ्द भागातून माणसं मुंबई-पुण्याला आली आणि तिथून काही हैदराबादेत पोचली. मुंबईत पारशी धर्माचे इराणी जास्त, तर आपल्याकडं शिया मुसलमान इराणी जास्त. चौकाच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानून टाळायचे, ती इराण्यांनी उचलली, असं म्हणतात. दोन्ही बाजूंना दारं, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. पैसे टाका आणि बसा, नाव-गाव कुणी विचारत नव्हतं. एका टेबलावर सायकलरिक्षावाला, वकील आणि विद्यार्थी बसलेले असायचे. अबिड्सच्या ओरिएंट हॉटेलात तर मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखे शायर बसायचे.

चहाची रीतही वेगळी. आपल्याकडं दूध, साखर, पत्ती एकत्र उकळतात. इराणी कोरा काढा झाकण लावून मंद आचेवर दमाला ठेवतो, दूध दुसऱ्या भांड्यात आटत असतं, आणि दोघांची गाठ कपातच पडते. म्हणून रंग तांबूस आणि चव जाड. सोबत उस्मानिया बिस्कीट : आधी गोड, मग किंचित खारं. शेवटच्या निजामाचं नाव घेऊन ते अजून बशीत येतं आणि चहात एका सेकंदापेक्षा जास्त ठेवलं तर तळाला जातं. पाऊण कप हवा तर 'पौना' मागायचा, एकाचे दोन हवेत तर 'एक में दो'. वेटर बिल लिहून देत नाही, तुम्ही उठलात की तिथूनच गल्ल्याला ओरडून आकडा सांगतो.

आणि या हॉटेलात आपली भाषा आपल्या आधीच जाऊन बसलेली होती, याची मला फार गंमत वाटते. हैदराबादी माणूस 'नहीं चाहिए' म्हणत नाही, 'नक्को' म्हणतो. तो आपला 'नको'. 'वैसाइच', 'अब्बीच' यांतला 'च' आपलाच. शेकडो वर्षं दख्खनवर मराठी आणि दखनी शेजारी राहिल्या त्याचा हा हिशेब. उत्तरेकडचे लोक हसतात या बोलीला. हसू द्या.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. खरा बदल मात्र आठ वर्षांनी आला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. कोर्टकज्जे मुंबईकडं वळले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि काचीगुड्याला ट्रंक घेऊन उतरणारी पोरं दरवर्षी कमी होत गेली. खानावळी बंद पडल्या त्या अशा. त्यांचं गिऱ्हाईकच सरहद्दीपलीकडं गेलं. मराठी राज्य व्हावं म्हणून ज्यांनी हैदराबादेत सभा केल्या, त्यांच्याच जेवणाची जागा त्यात गेली. आमच्या घरात हे कुणी उघड म्हणालं नाही, पण आजोबा 'छप्पन साल' म्हणताना थांबायचे. कचेरीतले त्यांचे सोबती मुंबईला गेले, ते राहिले. का राहिले याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं द्यायचे.

जे राहिले त्यांची घरं झाली, आणि घर झाल्यावर सोवळंही आलं. तरी पुढच्या पिढीला चटक लागलीच. शाकाहारी घरांना उडप्यांनी वाट करून दिली. अबिड्सच्या ताजमहालची इडली 'चालते' असं ठरलं, कारण तिथं अंडंसुद्धा नव्हतं. कोठीतल्या गोकुळची चाट चालायची. इराण्याचा फक्त चहा चालायचा, आणि तोही पुरुषांना. माझी आई मात्र कोठीच्या विमेन्स कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर 'फॅमिली'च्या पडद्याआड बसून कांद्याचे तिकोनी समोसे खायची. रुपयाभरात दोघींचं भागायचं. शेजारच्या बशीतली चौकोनी लुखमी खिम्याची असते, हे तिला पहिल्या दिवशीच माहीत होतं, असं ती आता सांगते. आजी गेल्यावर.

२५ ऑगस्ट २००७ ला गोकुळमध्ये बॉम्बस्फोट झाला, त्याच संध्याकाळी लुंबिनी पार्कातही. दोन्हीकडं मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. शनिवार होता. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी त्या वेळी तिथं असू शकलं असतं, आणि रात्रभर फोन लागत नव्हते. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा आई म्हणाली, जाऊन येऊ. एक प्लेट खाल्ली, कुणी फारसं बोललं नाही, परतलो.

आता सुलतान बाजारावरून मेट्रो जाते. कोपऱ्यावरच्या इराण्यांपैकी बरेच संपले. जागेचे भाव वाढले, नातवंडं परदेशी गेली, आणि तासभर एका कपावर बसणारं गिऱ्हाईक कुणाला परवडतं? चारमिनारजवळ, रेड हिल्सला गर्दी आहे, पण तिथं बहुतेक लोक उभ्यानंच पितात. मराठी खानावळीची तर पाटीही उरली नाही.

मंडळी, एक मागणं आहे. काचीगुडा-गौळीगुडा भागातल्या खानावळींची नावं, मालकीणबाईंची माहिती, एखादी हिशेबाची वही, असं काही तुमच्या घरी असेल तर इथं टाका. आमच्याकडं आजोबांची फक्त एक पावती आहे, महिन्याच्या जेवणाची. त्यावर शाई इतकी उडालीय की रक्कम वाचता येत नाही. खाली 'जमा' तेवढं दिसतं.